पदरची वीत

स्लॅबच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या घराने बांधकामाच्या यार्डात जेवायचं, ही थोरल्यांच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत. कोणाचं दुखणं असो, रुसवा असो, कोणाचं कोणाशी बोलणं बंद असो, त्या दुपारी पत्र्याच्या शेडखालच्या लांब टेबलाशी हजर व्हायचंच. टेबलाच्या एका टोकाला डबे, दुसऱ्या टोकाला ड्रॉइंगं. जेवता जेवता प्रत्येकाने आपापल्या वाट्याचं सांगायचं: सळ्या बांधून झाल्या, काँक्रीटचा पंप आला, टाकी भरली. सगळं ऐकून झालं की थोरल्यांनी हात धुवायचे आणि "चला, टाकू या" म्हणायचं. ते म्हटलं की काम पक्कं. वडील गेले तेव्हा घर, यार्ड आणि क्रेन तिघा भावंडांत वाटली गेली, पण हे वाक्य मात्र एकट्या थोरल्यांकडे आलं होतं.

आज तर ते सकाळपासून त्यांच्या जिभेवर तयार बसलं होतं. उद्या शाळेच्या सभागृहाचं काँक्रीट पडायचं होतं. शाळा कोणती, तर जिने थोरल्यांना एकाच वर्गात दोनदा बसवलं होतं आणि "याच्या हातून काही व्हायचं नाही" असं वडिलांना बोलावून सांगितलं होतं, तीच. आता तिथल्या मुख्याध्यापिका त्यांना साहेब म्हणत होत्या, आणि उद्या सगळी शाळा मैदानात उभी राहून काँक्रीट पडताना बघणार होती. थोरल्यांनी नवा सदरा इस्त्रीला दिला होता. हे फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ठाऊक होतं, आणि काकूंनी ते आत्याला सांगितल्यामुळे एव्हाना क्रेनवाल्यालाही ठाऊक झालं होतं.

आत्या म्हणजे थोरल्यांची बहीण. यार्डातलं लोखंड तिच्या ताब्यात. सळी हातात घेतली की ती किती जाडीची हे डोळे मिटून सांगायची, आणि चुकीची निघाली तर आणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तोंडातला घास गिळत ती म्हणाली, "माझं सगळं कालच पोचलं. ड्रॉइंगप्रमाणे. मोजून घ्या हवं तर."

"पंप पहाटे निघेल," थोरल्यांचे चिरंजीव म्हणाले. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं, वेळा देणं, त्या पाळल्या जातील अशी आशा करणं, हे चिरंजीवांचं खातं. "बाईंना मी सांगून ठेवलंय. मुलं रांगेने येणार आहेत. बाबा, तुम्ही दोन शब्द बोलायचे आहेत."

"दोनच?" आत्या म्हणाली. "मग दुसरं कोणीतरी बघा."

सगळे हसले. थोरलेही हसले, कारण आज त्यांना काहीही लागत नव्हतं. त्यांचे धाकटे भाऊ मान खाली घालून जेवत होते. धाकट्यांकडे गाड्या आणि मिक्सर होते, आणि गेली कित्येक वर्षं त्यांचा वृत्तांत एकच असायचा: "दादा म्हणेल तसं." त्यांनी आजही तेच म्हटलं.

एक खुर्ची तेवढी रिकामी होती. बारकीची.

बारकी ही धाकट्यांची मुलगी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावायची म्हणून बारकी. आता चांगली उंचनिंच झाली तरी नाव काही वाढलं नाही. घरातली पहिली इंजिनीअर. आजवर या घराची ड्रॉइंगं बाहेरच्या चष्मेवाल्या साहेबांकडून यायची; या सभागृहाच्या कागदावर प्रथमच घरच्या माणसाची सही होती. थोरल्यांनी ती सही दिसेल असं ड्रॉइंग साइटवरच्या खोलीत भिंतीला लावलं होतं आणि येईल त्याला दाखवलं होतं. मागचा आठवडा बारकी दुसऱ्या कामावर अडकली होती. आज ती सकाळपासून शाळेत सळ्या तपासत होती.

ती आली ती घामाघूम. हेल्मेट काढून तिने डब्यांच्या मधोमध ठेवलं.

"अगं, जेवणात हेल्मेट काय वाढतेस?" काकू म्हणाल्या.

"काका," बारकी म्हणाली, "उद्या टाकता येणार नाही."

धाकट्यांचा हात ताटातच थांबला.

"का? पाऊस सांगितलाय?" थोरल्यांनी विचारलं.

"पाऊस नाही. व्हरांड्यावरचा पुढचा बीम. त्यात लोखंड कमी आहे."

आत्याने पेला खाली आपटला. "लोखंड कमी? माझ्याकडून गेलेलं? बारके, तू लंगोटात होतीस तेव्हापासून मी सळ्या मोजतेय!"

"आत्या, ड्रॉइंगप्रमाणे एकही सळी कमी नाही. बीम जास्त आहे. मी काढला होता त्याच्या जवळजवळ दुप्पट खोल झालाय."

सगळ्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता दादा चपापेल. पण थोरल्यांचा चेहरा खुलला होता. गेले आठ-दहा दिवस ते याच क्षणाची वाट बघत होते, की पोरगी कधी येते, बघते आणि काय म्हणते.

"दिसला ना तुला!" ते म्हणाले. "रस्त्यावरून कसा दिसतो सांग आधी. अगं, तू काढला होतास तो हिशेबाने बरोबर असेल, पण एवढ्या मोठ्या सभागृहाच्या तोंडावर तो काडीसारखा दिसत होता. मी साच्याच्या फळ्या वर चढवल्या. चांगला वीतभर वाढवला, वीतभर काय, त्याहून जास्तच. वरचं काँक्रीट सगळं पदरचं. शाळेला सांगितलंसुद्धा नाही."

हे पदरचं प्रकरण नवं नव्हतं. थोरल्यांच्या वडिलांचा नियमच होता: कागदावर जे असेल त्याच्यावर एक इंच आपला. भिंत असो, पायरी असो, कट्टा असो. 'पदरचा इंच' म्हणायचे ते. लोक सांगायचे, या घराचं काम म्हणजे जाड काम, डोळे झाकून द्यावं. त्या एका इंचावर तिघा भावंडांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. थोरल्यांचं शिक्षण झालं नाही, पण तो दोष इंचाचा नव्हता.

"काका, तुमचं मन कळतं मला," बारकी म्हणाली. "पण बीम वाढवलात आणि सळ्या तेवढ्याच राहिल्या. आता त्या कमीत कमी हव्यात त्याच्याही खाली गेल्या."

"वाढवलं ते कमी कसं गं झालं? कुठल्या शाळेत शिकवतात हे? आमच्या वेळी तरी दोनात एक मिळवला की तीनच व्हायचे."

"तुला तेही दुसऱ्या वर्षी जमलं," आत्या पुटपुटली.

"बाबा बरोबर म्हणताहेत," चिरंजीव मध्ये पडले. त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापिकाबाई उभ्या होत्या. "जाड बीम म्हणजे मजबूत बीम. हे कोणालाही कळतं. बारके, उगाच पुस्तकी बोलू नकोस. मी शब्द दिलाय."

बारकीने हात धुतले नव्हते, ताट वाढून घेतलं नव्हतं. ती उभ्यानेच बोलत होती. "काँक्रीट दाबाला वाघ आणि ताणाला शेळी, हे तर आजोबाच म्हणायचे ना? बीमवर वजन आलं की त्याची खालची बाजू ताणली जाते. तिथे काँक्रीट कधी ना कधी तडकतंच. तडकलं की त्याने धरलेला सगळा ताण एका क्षणात सळ्यांच्या गळ्यात पडतो. बीम जितका जाड, तितका तो उशिरा तडकतो, आणि तडकताना तितकं जास्त ओझं सळ्यांवर टाकतो. त्यांना ते पेललं नाही तर त्या तटकन तुटतात. म्हणून कमीत कमी लोखंड ठरवून दिलंय. काँक्रीटचं माप वाढलं की तेही वाढवायचं."

"म्हणजे परात दुप्पट पिठाची आणि मीठ तेवढंच," काकू म्हणाल्या.

"अगदी तसंच, काकू. फक्त इथे बेचव होऊन भागत नाही."

काकू पलीकडे गेल्या, हे थोरल्यांच्या लक्षात आलं. बायको एका मिठावर फितूर झाली याचं त्यांना नवल वाटलं नाही, पण वाईट वाटलं.

"दादा, काही म्हण," आत्या थोरल्यांच्या बाजूला सरकली, "बाबांनी जन्मभर जाड काम केलं. त्यांचं एक तरी पडलं का? ही कालची पोर आता बाबांचं काढतेय."

"मी आजोबांचं काही काढत नाहीये!"

"मग कोणाचं काढतेस? माझं?" थोरल्यांचा आवाज चढला. "अख्ख्या शाळेपुढे मी सांगू की उद्या येऊ नका, कारण मी जास्त दिलं? लोक कमी देतात म्हणून कामं थांबतात. जास्त दिलं म्हणून थांबलेलं काम ऐकलंयस कधी? हसतील लोक, तोंडात शेण घालतील माझ्या! त्या बीमखाली मी उभा राहतो उद्यापासून, माझा पलंग टाक तिथे!"

"तुम्ही नाही उभे राहणार, काका," बारकी म्हणाली. तिचा आवाज मात्र खाली आला होता. "तिथे मुलं रांगेने उभी राहणार आहेत. रोज. आणि तो बीम उद्या पडेल असं मी म्हणत नाही. कदाचित तो माझ्या बीमपेक्षा जास्त वजन घेईल. पण ज्या दिवशी जाईल त्या दिवशी सांगून जाणार नाही. बाकीचे बीम आधी तडे दाखवतात, वाकतात, चार माणसं बघतात, मुलांना बाहेर काढतात. हा नाही दाखवणार. यावर माझी सही आहे, काका. मी नाही टाकू देणार."

'मी नाही टाकू देणार.' त्या टेबलाशी हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. थोरल्यांच्या कानशिलाची शीर उडू लागली. त्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी ताटाकडे पाहिलं.

"ठीक आहे," थोरले उठले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? चल बाहेर."

यार्डाच्या फाटकाजवळ एक बाक होता. विटांच्या दोन बुटक्या खांबांवर ठेवलेला काँक्रीटचा लांब, जाडजूड ठोकळा. व्यवसाय सुरू केला त्या दिवशी वडिलांनी तो स्वतः ओतला होता. खिडकीवरच्या आडव्या पट्टीचा, म्हणजे लिंटेलचा, साचा घेतला, त्यात लिंटेलच्याच दोन बारीक सळ्या टाकल्या आणि बाजूच्या फळ्या चढवून तिपटीने भरला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यावर बसवायचे आणि विचारायचे, "हलतंय का काही?" थोरल्यांची रोजची सकाळ त्या बाकावर व्हायची.

"हा जाड," थोरले बाकावर थाप मारून म्हणाले. "आणि ती तिकडे थप्पीत आहेत ती तुझी पुस्तकातली लिंटेलं. सळ्या दोन्हीत त्याच. आत्या, खरं की खोटं?"

"खरं. मीच हातात दिल्या होत्या बाबांच्या," आत्या म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "दादा, बाबांच्या बाकाला हात लावायचा नाही हं!"

"काही होत नाही त्याला. म्हणून तर लावतोय."

"काका, बाक नको," बारकीसुद्धा म्हणाली. "मी दुसरा तुकडा ओतून दाखवते, पंधरा-वीस दिवसांत."

"पंधरा-वीस दिवस शाळा मैदानात उभी करू? आत्ता. हाच."

थोरल्यांची ही हौस नव्हती, खात्री होती. बापाच्या हातचा बाक. त्यांनी क्रेनवाल्याला हाक मारली. आधी थप्पीतलं एक लिंटेल विटांच्या दोन ओट्यांवर ठेवलं, खाली फळ्या टाकल्या. कापलेल्या सळ्यांचे आखूड भारे बांधून ठेवलेलेच होते. क्रेनने एकेक उचलून मधोमध ठेवायचा. बारकीने चुन्याने जमिनीवर रेघ मारली आणि सांगितलं, "याच्या पुढे कोणी यायचं नाही."

लिंटेलने पहिला भारा मुकाट्याने घेतला. दुसऱ्याला त्याच्या पोटावर केसाएवढी चीर उमटली. तिसऱ्याला ती चीर रुंद झाली, शेजारी आणखी दोन आल्या, आणि लिंटेल डोळ्यांना दिसेल इतकं वाकलं. कुरकुरलं, पण उभं राहिलं.

"बस!" थोरले ओरडले. "थांबव. वाकलं तुझं पुस्तक! तीन भाऱ्यांत कंबर गेली."

चिरंजीवांनी टाळी वाजवली. बारकी लिंटेलच्या चिरांकडे बघत राहिली.

मग बाकाची पाळी. तीन भारे त्याने असे घेतले की जणू पाखरं बसली. आणखी ठेवले. ना चीर, ना कुरकुर. वरचा ढीग माणसाच्या छातीला लागला तशी यार्डातली सगळी माणसं हातातली कामं टाकून जमली. प्रत्येक भाऱ्याला थोरल्यांची मान एकेक बोट ताठ होत होती. "अजून टाक!" ते क्रेनवाल्याला म्हणाले. "याला जाड काम म्हणतात! बघ, बारके, डोळे भरून बघ. केस तरी उमटलाय का?"

"नाही उमटला," बारकी म्हणाली. "तेच तर म्हणतेय मी."

पण थोरल्यांना आता ऐकू येत नव्हतं. बापाचा बाक दुनियेचं ओझं घेऊन उभा होता आणि त्यांचे डोळे भरून आले होते. बाकावरून एकदा हात फिरवावा, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी चुन्याची रेघ ओलांडली.

त्यांचा दंड कोणीतरी घट्ट धरला आणि जोरात मागे ओढला. थोरल्यांनी वळून पाहिलं. धाकटे होते. ज्या भावाने जन्मात त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता, त्याची बोटं त्यांच्या दंडात रुतली होती.

"सोड," थोरले म्हणाले.

"नाही सोडणार," धाकटे म्हणाले. "माझी पोरगी म्हणाली ना, रेघेच्या पुढे जायचं नाही! एकदा तरी ऐक तिचं, दादा."

थोरले काही बोलणार, तेवढ्यात बाक गेला.

तडा गेला असं म्हणायलाही उसंत मिळाली नाही. फाडकन आवाज झाला आणि बाकाचे दोन तुकडे खाली होते, भारे घरंगळून रेघेपर्यंत आले होते. धूळ बसेपर्यंत कोणी हललं नाही. धाकट्यांनी दंड सोडला नव्हता. थोरले ज्या जागी उभे राहणार होते तिथे सळ्यांचा एक भारा पडला होता.

पहिली रडली ती आत्या. "बाबांचा बाक," म्हणत तिने तोंडाला पदर लावला. काकूंनी तिला जवळ घेतलं, पण त्यांची नजर त्या भाऱ्यावरून हटेना. चिरंजीवांचा चेहरा पांढराफटक झाला होता.

थोरले सावकाश पुढे झाले. या वेळी कोणी अडवलं नाही. तुटलेल्या तोंडातून दोन बारीक सळ्यांची टोकं बाहेर आली होती, ताजी, चकचकीत. त्यांनी एक बोटाने चाचपली. मग मागे पाहिलं. तिकडे ते किरकोळ लिंटेल वाकून, चिरफळून, आपले तीन भारे घेऊन अजून उभंच होतं.

ते तिथेच उकिडवे बसले. उठले तेव्हा बारकीकडे बघून त्यांनी जे विचारलं, त्यासाठी त्यांना सगळं बळ एकवटावं लागलं.

"बारके, मग आजवर आपण जे बांधलं... ते सगळं असंच?"

"नाही, काका! मुळीच नाही." ती धावतच त्यांच्याजवळ आली. "कॉलेजात हे शिकले ना, त्या रात्री मला झोप लागली नव्हती. सुट्टीत आले आणि आपली एकूण एक इमारत पालथी घातली. सगळे हिशेब केले. सगळ्या ठणठणीत आहेत. आजोबांनी इमारतीत कधी इंचाच्या वर दिलं नाही, आणि त्या काळच्या साहेबांनी लोखंड सढळ ठेवलेलं. एक इंचाने काही बिघडत नाही. तुम्ही पदरची वीत दिलीत, काका. बाक तेवढा आजोबांनी हौसेने ओतला, आणि तो काय, जमिनीपासून हातभर उंच."

"एकूण एक बघितल्यास?"

"एकूण एक."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? सगळं चांगलं होतं. मला इतका अभिमान वाटला होता की घरी येऊन दोनदा जेवले."

थोरल्यांना हसू फुटलं. या घराची अब्रू राखण्याचं काम आपण एकटे करतो आहोत असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. आणि ही पोर, गुपचूप, भर उन्हात, एकेक इमारत चाचपत हिंडली होती. त्यांना तिचा एवढा अभिमान वाटला की बाकाचं दुःख त्यापुढे अर्ध्यावर आलं. पुरतं गेलं नाही. बाप तो बाप.

"किती सळ्या वाढवायच्या?" आत्याने नाक पुसत विचारलं. रडणं आणि लोखंड तिने कधी एकत्र केलं नव्हतं. "जाडी सांग. आहेत की मागवू? आणि हे बघ, काढायचं तर नीट काढ, एकदा फळ्या सोडल्या की परत परत सोडणार नाही मी."

"खाली दुप्पट होतील. आणि बीम एवढा खोल झालाय तर दोन्ही कुशींनाही आडव्या टाकायला लागतील. बाजूची फळी सोडावीच लागेल, आत्या."

"फळी मी सोडतो," धाकटे म्हणाले. "माणसं आत्ता पाठवतो." आणि 'दादा म्हणेल तसं' न म्हणता ते चालायलाही लागले.

त्याच वेळी फाटकातून मुख्याध्यापिकाबाई आत आल्या. हातात उद्याच्या कार्यक्रमाचा कागद. मुलांनी कुठे उभं राहायचं, साहेबांनी कधी बोलायचं, हे विचारायला त्या मुद्दाम चालत आल्या होत्या. मोडलेला बाक, पसरलेले भारे आणि रडवेली आत्या बघून त्या थबकल्या.

"काही अपघात झाला का?"

चिरंजीव विजेसारखे पुढे झाले. "नाही, नाही, बाई! किरकोळ. फक्त पंपाचा जरा घोळ झालाय. तो बिघडल्यामुळे उद्याचं कदाचित..."

"पंपाला काही धाड भरलेली नाही," थोरले म्हणाले.

चिरंजीवांनी वडिलांकडे केविलवाणं पाहिलं. बाप शब्द सांभाळायचं सोडून शब्द मोडायला निघालाय, हे ते प्रथमच पाहत होते. थोरल्यांना ते दिसलं. त्यांना हेही ठाऊक होतं, की पंप बिघडला म्हटलं तर कोणाचंच काही जाणार नाही. सदरा इस्त्रीचाच राहील, दोन शब्दही परवा बोलता येतील. त्यांनी एकदा बारकीकडे पाहिलं. ती पायाने चुन्याची रेघ पुसत होती आणि तिला वाटत होतं आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही.

"बाई," थोरले म्हणाले, "तुमच्या व्हरांड्यावरचा बीम मी माझ्या शहाणपणाने वाढवला आणि त्यात लोखंड वाढवायचं मला कळलं नाही. तुमच्या मुलांच्या डोक्यावर तो तसाच गेला असता. उद्या सकाळी, तुमच्या सगळ्यांच्या टाळ्यांत. आमच्या इंजिनीअरबाईंनी काम थांबवलंय."

"इंजिनीअरबाईंनी? म्हणजे कोणी?"

"ही. माझी पुतणी." त्यांनी बारकीला हाताला धरून पुढे आणलं, सासरी पाठवणी करताना आणतात तसं नव्हे, तर बक्षीस घ्यायला आणतात तसं. "मी ओरडलो, हिची आत्या ओरडली, आणि एवढ्या माणसांपुढे ही मला म्हणाली, 'मी नाही टाकू देणार.' मला! बाई, तुमच्या शाळेने मला एका वर्गात दोनदा बसवलं ना? आज हिने तिसऱ्यांदा बसवलं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाकाचं तुटलेलं तोंड वाकून निरखलं. मग बारकीकडे पाहून त्यांनी मान हलवली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवायच्या तशी.

"मुलांना मी सांगेन," त्या म्हणाल्या. "खरंच सांगेन, काय झालं ते." आणि मग सवयीने, इतकी वर्षं सगळं गाव वळायचं तशा त्या थोरल्यांकडे वळल्या. "मग साहेब, परवा नक्की ना?"

काकू, आत्या, चिरंजीव, फाटकापाशी थांबलेले धाकटे, सगळ्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. ते वाक्य अजून त्यांच्याकडेच होतं. थोरल्यांनी सदऱ्याच्या बाहीने हाताची धूळ पुसली.

"ते मला नका विचारू," ते म्हणाले.

बाई गोंधळल्या आणि बारकीकडे बघू लागल्या. बारकी काकांकडे. काकांनी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं आणि ते समोर, क्रेनकडे बघत होते.

"परवाचं आत्ता नाही सांगता येणार, बाई," बारकी शेवटी म्हणाली. आधी चाचरत, मग नीट. "सळ्या बांधून होऊ देत. मी स्वतः बघेन. मग सांगेन."

बाईंनी खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा थोरल्यांकडे पाहिलं.

"ऐकलंत ना?" थोरले म्हणाले, यार्डाच्या पार मागच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "ती सांगेल. आमच्याकडे आता तीच सांगते."